प्रकाशाचे अडतीस उंबरठे

टेबलावर दोन लेन्स ठेवू. दोन्ही कॅननच्या. एक काळी, ५५-२५०, वजन ३७५ ग्रॅम, एका हातात सहज मावणारी. दुसरी पांढरी, ७०-२०० एफ २.८, वजन १,४९० ग्रॅम. काळी हजारांत मिळते, पांढरी लाखांत. आता दोन्ही २०० मिलिमीटरवर फिरवा, जेसल पार्कच्या चौपाटीवरून खाडीवरच्या रेल्वे पुलाकडे रोखा आणि भर दुपारी एफ ८ वर एकेक फोटो काढा. मोबाइलच्या पडद्यावर ते दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवले, तर कुठला कशानं काढला हे मुरलेल्या फोटोग्राफरलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मग ते अकराशे ग्रॅम गेले कुठे? आणि ते लाखभर रुपये?

मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न पुष्कळांना पडतो. इथे लग्नांचे हॉल आहेत, नवरात्रात गरब्याची मैदानं उजळतात, उत्तनला कोळ्यांच्या होड्या आणि गावठाणातली लग्नं आहेत, मिठागरांवर हिवाळी पक्षी उतरतात. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सवर हात बसलेला मुलगा दोन-तीन सीझननंतर कुणातरी जाणत्याला गाठून विचारतोच, ‘दादा, आता प्रो लेन्स घेऊ का?’ दादा हो किंवा नाही म्हणून मोकळा होतो. पण खरी गंमत त्या हो-नाहीच्या अलीकडे, त्या नळीच्या आत आहे.

एक साधा भागाकार करू. एफ पुढचा आकडा म्हणजे भाजक. २०० ला ५.६ नं भागा, ३६ येतात. २०० ला २.८ नं भागा, ७१ येतात. हे मिलिमीटर आहेत. समोरून बघणाऱ्याला लेन्समध्ये दिसणारं भोक काळ्या लेन्सचं ३६ मिलिमीटर रुंद, पांढरीचं ७१. रुंदी दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट, म्हणून प्रकाश चौपट. पांढरी लेन्स जाडजूड का, याचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. ७१ मिलिमीटरचं भोक असायचं तर पुढची काच त्याहून रुंद हवीच. तिच्या तोंडाला ७७ मिलिमीटरचा फिल्टर बसतो.

हातात अशी ७०-२०० आली तर एक गोष्ट जरूर करून बघा. पुढच्या काचेतून आत डोकवा आणि झूमची रिंग ७० कडून २०० कडे सावकाश फिरवा. आतलं भोक तुमच्या डोळ्यांदेखत फुगत जातं. आत तर कुणी काही उघडलेलं नाही! भोक आवळणारी पाती जागच्या जागी आहेत. त्यांच्यापुढची भिंगं सरकली आणि त्या भोकाची प्रतिमाच मोठी झाली. ७० ला २.८ नं भागलं तर २५ मिलिमीटर, २०० ला भागलं तर ७१. दोन्हीकडे भाजक तोच राहावा म्हणून ही लेन्स स्वतःच्याच भोकाला भिंगातून मोठं करून दाखवते. स्वस्त झूम हे अखेरपर्यंत झेपवू शकत नाही, म्हणून तिच्यावर ४-५.६ असे दोन आकडे छापलेले असतात.

चौपट प्रकाशानं पडतो तरी किती फरक? मैदानातला गरबा घ्या. रात्रीचे दहा वाजलेत, वर हॅलोजन आणि रंगीत एलईडी. काळ्या लेन्सवर कॅमेरा म्हणतो, सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा कमी वेळात माझं भागणार नाही. समजा दांडियाचं टोक सेकंदाला तीन मीटर वेगानं फिरतंय. साठाव्या भागात ते पाच सेंटिमीटर सरकतं. फोटोत दांडी नाही, पिसारा येतो. चौपट प्रकाश मिळाला तर तोच फोटो अडीचशेव्या भागात निघतो आणि टोक जेमतेम सव्वा सेंटिमीटर हलतं. घागऱ्यावरचे आरसे आरशांसारखे दिसू लागतात.

बरं, नुसतं भोकच मोठं करायचं असेल तर करा की मोठं, त्यात लाख रुपये कशाला? इथे निसर्ग आडवा येतो. भिंगाच्या मधून जाणारे किरण शहाणे असतात, सगळे एका बिंदूत जमतात. कडेनं घुसलेले किरण थोडे अलीकडेच गोळा होतात आणि त्या बिंदूभोवती धूसर वलय धरतात. छिद्र दुप्पट केलं तर हे वलय दुप्पट होत नाही, चौपटही नाही. आठपट होतं! दुप्पट रुंदीच्या हव्यासाला आठपट दंड. तो भरायला आणखी भिंगं घालावी लागतात, त्या भिंगांचे स्वतःचे दोष काढायला आणखी भिंगं. असं करत काळ्या लेन्समध्ये १५ भिंगं झाली, पांढऱ्या लेन्समध्ये २३.

शिवाय रंगांचं भांडण वेगळंच. काच निळ्याला जास्त वाकवते, तांबड्याला कमी. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले असतात. उजळ आभाळासमोर त्या मांडवाचा फोटो साध्या झूमनं काढा आणि संगणकावर मोठा करून बघा. बांबूच्या एका कडेला जांभळट रेघ, दुसऱ्या कडेला हिरवट. तिथे ना जांभळं काही आहे ना हिरवं. प्रत्येक रंगाची प्रतिमा किंचित वेगळ्या मापाची उमटली आणि कडेला तिचा पदर बाहेर डोकावला.

यावर एक जालीम औषध आहे, फ्लोराइट नावाचं खनिज. ते रंगांना काचेपेक्षा पुष्कळ कमी फाकवतं. आपल्याला ते परकं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या महोदरीच्या काळ्या बेसॉल्टात मधाच्या रंगाचे फ्लोराइटचे गोल सापडतात आणि जगभरचे खनिजसंग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात. ते शोभेचे, लेन्सच्या कामाचे नव्हेत. लेन्सला हवा निर्मळ, बिनडागाचा स्फटिक, तोही चांगला मोठा, आणि निसर्ग असे मोठे स्फटिक सहसा देत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबेनं फ्लोराइटचे तुकडे सूक्ष्मदर्शकाच्या इवल्या भिंगांत वापरले, कारण तेवढेच मिळत. मोठं भिंग हवं तर स्फटिक भट्टीत वाढवणं भाग होतं. सुमारे १,४०० अंशांना वितळवायचा आणि सावकाश, अगदी सावकाश निववायचा. १९६९ मध्ये कॅननची ३०० मिलिमीटरची लेन्स अशा घडवलेल्या फ्लोराइटसह बाजारात आली. त्यातही हा स्फटिक चाकूनं ओरखडा उठेल इतका मऊ, त्यामुळे तो घासून भिंग करणं जिकिरीचं. आपल्या पांढऱ्या लेन्समध्ये असं एक भिंग आहे, आणि कमी रंग फाकवणाऱ्या खास काचेची आणखी पाच.

आणि हो, ती पांढरी का? फ्लोराइट उन्हानं तापला की काचेपेक्षा जास्त फुगतो. ऊन परतवायला पांढरा रंग. म्हणजे जो रंग आज लग्नाच्या हॉलमध्ये ‘बघा, मोठा फोटोग्राफर आणलाय’ असं पाहुण्यांना सांगतो, तो मुळात उन्हाचा बंदोबस्त आहे. त्या रंगापायी लेन्स घेणारेही मी पाहिलेत. त्यांचा धंदा वाढलाही असेल, फोटोंना मात्र त्याचा पत्ता नसतो.

प्रकाशाची ही हाव जुनी आहे. फोटोग्राफीचा आद्य जनक दागेर याच्या १८३९ मधल्या कॅमेऱ्याला इतका वेळ लागायचा की माणसाचा चेहरा घेणं ही समोरच्याला शिक्षाच होती. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये साधारण एफ ३.६ ची पोर्ट्रेट लेन्स काढली, आधीच्या लेन्सपेक्षा पंधरा-वीस पट उजळ. त्यातली आकडेमोड कुणी केली असेल? ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातल्या सैनिकांनी! गोळा कुठे पडेल हे काढणाऱ्यांना किरण कुठे पडेल हे काढायला बसवलं. ती लेन्स बनवली फोक्टलेंडर कंपनीनं. हे नाव लक्षात ठेवा.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले एक नावाजलेले फोटोग्राफर. त्यांच्या काळी चेहरा जवळून हवा तर तिवई उचलून जवळ जायचं, एवढाच झूम होता. स्थिर छायाचित्रांच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स यायला आणखी शंभरेक वर्षं लागली. १९५९, नाव झूमार, ३६-८२ मिलिमीटर, १४ भिंगं. आखणारा फ्रँक बॅक, मूळचा ऑस्ट्रियाचा. बाजारात आणणारी कंपनी तीच, फोक्टलेंडर. आणि तिचा एफ आकडा? २.८. म्हणजे आज ज्याला आपण प्रो आकडा म्हणतो, तो स्थिर कॅमेऱ्यावरच्या झूमच्या जन्मापासूनचा आहे. स्वस्त झूम नंतर जन्मली. पुढे सत्तरच्या दशकात हिंदी सिनेमानं या यंत्राचा असा काही नाद घेतला की नायकाच्या वडिलांचा खून झाला की कॅमेरा धाडकन चेहऱ्यावर. ते असो.

झूम अवघड कशामुळे? भिंगांमधलं अंतर बदललं की प्रतिमा मोठी होते, हे सोपं. पण त्याबरोबर ती पुढे-मागेही सरकते, म्हणजे धूसर होते. म्हणून एक गट सरकला की दुसऱ्यानं त्याची चूक त्याच क्षणी भरून काढायची. लेन्स उघडली तर आत धातूच्या नळीवर वाकडे-तिकडे खाचे कोरलेले दिसतात आणि भिंगांच्या गटांच्या खिळ्या त्यांतून धावतात. पुष्कळ झूममध्ये एक गट सरळ मागे जातो, तर दुसरा आधी पुढे येऊन मधेच माघारी वळतो. तुम्ही नुसती रिंग फिरवता, आतमध्ये दोघांची जुगलबंदी चाललेली असते. आणि नळी किंचित सैल झाली, एखादं भिंग केसभर तिरकं बसलं, तर फोटोची एक बाजू लख्ख आणि दुसरी मऊ. तुमचा बराचसा पैसा या ‘केसभर’वर खर्च होतो. जाहिरातीत तो दिसत नाही.

आता माझा सर्वांत आवडता भाग. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश मागे फिरतो. रात्री लोकलच्या खिडकीत आपला चेहरा दिसतो तो याच चार टक्क्यांमुळे. पांढऱ्या लेन्समधली २३ भिंगं १९ गटांत बसवली आहेत. प्रत्येक गटाला आत जाताना एक आणि बाहेर पडताना एक, असे ३८ उंबरठे. प्रत्येकावर चार टक्के कर. हिशेब करा: ०.९६ ला ०.९६ नं गुणत ३८ वेळा जा. शेवटी उरतात फक्त २१ टक्के! एवढा खटाटोप करून चौपट प्रकाश आत घेतला आणि जवळजवळ तेवढाच उंबरठ्यांवर सांडला. वर तो सांडलेला प्रकाश आतल्या आत आपटत राहून फोटो पांढुरका करणार.

मग आपण एफ २.८ ची झूम वापरतो कशी? १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या डेनिस टेलर या लेन्सकाराला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जुन्या, हवेनं डागाळलेल्या लेन्समधून नव्याकोऱ्या लेन्सपेक्षा जास्त प्रकाश येत होता. मळकी काच अधिक पारदर्शक! डाग म्हणजे काचेवर आपोआप चढलेला अतिशय पातळ थर होता. त्या थराच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रकाश परततो, आणि थर नेमक्या जाडीचा असेल तर एका लाटेचा माथा दुसरीच्या खळग्यात पडून दोन्ही विझतात. परतणारा प्रकाशच उरला नाही, तर ती ऊर्जा जाईल कुठे? पुढे, आत! १९३५ मध्ये त्साइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत असा थर मुद्दाम चढवण्याचं पेटंट घेतलं आणि काही वर्षं ते लष्करी गुपित होतं. हा थर किती पातळ? मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग. असे अनेक थर एकावर एक चढवून आज उंबरठ्यावरचा कर अर्ध्या टक्क्याच्या खाली आणलाय. ३८ उंबरठे ओलांडूनही शंभरातले ऐंशीहून अधिक पोचतात. लेन्स तिरकी धरल्यावर जांभळी-हिरवी झाक दिसते ना, ती या थरांची.

इथवर वाचून पांढऱ्या लेन्सकडे ओढ वाटली असेल, तर आता काळीची बाजू ऐका. तिचाही अचंबा काही कमी नाही.

सकाळी उशिरा मीरा रोड-भाईंदरच्या मिठागरांवर शेकाट्या टिपायला उभे राहा. प्रकाश उदंड आहे, तुम्ही एफ ८ वर आहात. आता कुठल्याही छिद्रातून प्रकाश जाताना पसरतो. ताऱ्याचासुद्धा बिंदू उमटत नाही, टिकली उमटते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये तिचं माप काढलं. एफ ८ ला ही टिकली साधारण ११ मायक्रॉनची, आणि २४ मेगापिक्सेलच्या लहान सेन्सरवरचा एक पिक्सेल चार मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे टिकली दोन पिक्सेलांहून रुंद. एफ २२ ला तर ती ३० मायक्रॉन. हा नियम फ्लोराइटला जुमानत नाही, किमतीला तर नाहीच. छिद्र जसजसं लहान, तसतसं दोन्ही लेन्समधलं अंतर पुसत जातं. भरीला मिठागरावरची तापलेली हवा थरथरत असते. त्या थरथरीपुढे दोघीही सारख्याच हतबल.

शिवाय हात हलल्यावर चित्र सावरणारी यंत्रणा घ्या. लेन्समधली इवली संवेदकं हाताचा कंप ओळखतात आणि भिंगांचा एक गट सेकंदात शेकडो वेळा उलट दिशेला ढकलून प्रतिमा जागेवर धरतात. बदलता येणाऱ्या लेन्समध्ये ही युक्ती सर्वांत आधी आली १९९५ मध्ये, आणि कुठल्या लेन्समध्ये? कॅननच्या ७५-३०० एफ ४-५.६ मध्ये. हौशी माणसाच्या झूममध्ये! आज ती ३७५ ग्रॅमच्या काळ्या लेन्समध्येही आहे. तिच्यामुळे संध्याकाळच्या धक्क्यावर बांधलेली होडी सेकंदाच्या पंधराव्या भागातही हातानं स्वच्छ मिळते. दांडिया नाही मिळत. ती यंत्रणा तुमचा हात थोपवते, नाचणाऱ्याचा नव्हे.

फोकसचं पारडं मात्र पांढरीच्या बाजूनं. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. दोन डोळ्यांमधल्या अंतरामुळे खोली कळते. कॅमेऱ्याचा ऑटोफोकसही लेन्सच्या डाव्या आणि उजव्या कडेतून आलेली दोन चित्रं ताडून बघतो. भोक रुंद, तर कडा लांब-लांब, तर अंदाज पक्का. डीएसएलआरमधले काही फोकस बिंदू एफ २.८ किंवा त्याहून उजळ लेन्स लावली तरच आपली पूर्ण अचूकता दाखवतात. अंधाऱ्या हॉलमध्ये किट लेन्स पुढे-मागे हुडकत राहते आणि तोवर वरमाला पडून जाते, ते यामुळेही.

तर घ्यायची की नाही? मी आधी विचारीन, गेल्या वर्षभराचे तुमचे फोटो काय म्हणतात? प्रत्येक फोटोच्या पोटात एक्झिफ असतं: किती मिलिमीटर, कुठला एफ आकडा, शटर किती, आयएसओ किती. संगणकावर त्यांची वर्गवारी मिनिटाभरात होते. निम्म्याहून अधिक फोटो झूम पूर्ण ताणून, एफ ५.६ वर, आयएसओ ६४०० वर निघालेत आणि तरी हललेत, तर तुम्ही अंधाराचे फोटोग्राफर आहात. लग्नं, गरबा, नाट्यगृह. पांढरी लेन्स तुमचा आयएसओ सोळाशेवर आणेल. फोटोतली खर, म्हणजे नॉइज, ही मुळात कमी प्रकाशकण मोजल्याची खूण आहे. कण चौपट झाले की खर निम्म्यावर येते. हल्ली खर पुसणारी सॉफ्टवेअर फार हुशार झालीत, त्यामुळे ही गरज दहा वर्षांपूर्वीइतकी तातडीची राहिलेली नाही. पण पिसारा झालेल्या दांडीची पुन्हा दांडी करणं त्यांनाही जमत नाही.

बहुतेक फोटो एफ ८ च्या आसपास, उन्हात असतील, तर पैसे गाठीला ठेवा. आणि पक्षी हाच ध्यास असेल तर २०० मिलिमीटर मुळात तोकडे. कुरवांचा थवा खाडीच्या मध्यावर असेल तर एफ २.८ पेक्षा लांब पल्ला कामाचा, मग ती लेन्स एफ ६.३ ची का असेना.

एक तिसरी वाटही आहे, आणि दुकानदार ती सहसा आपणहून दाखवत नाही. ५० मिलिमीटर एफ १.८. कॅननच्या या लेन्समध्ये फक्त सहा भिंगं, वजन १६० ग्रॅम, किंमत पांढरीच्या जवळपासही नाही. आणि प्रकाश? एफ २.८ पेक्षा जवळजवळ अडीचपट जास्त! लाखाच्या लेन्सपेक्षा उजळ. कारण ती झूम करत नाही. झूमसाठी आत काही सरकायचं नाही, कुणी कुणाची चूक भरून काढायची नाही. सहा भिंगांत जे जमतं त्याला झूममध्ये २३ लागतात, ती सगळी जादा फौज तुमची चार पावलं वाचवण्यासाठी. स्टेजवर नवरा-नवरीपर्यंत चालत जाता येत असेल तर आधी ही घ्या. गरब्याच्या मैदानात बॅरिकेडच्या बाहेर उभं राहावं लागत असेल, तर मात्र ती चार पावलं खरोखर लाखमोलाची.

तरी मन डळमळत असेल तर मुंबईत ७०-२०० दिवसाच्या भाड्यानं मिळते. घटस्थापनेच्या आत नोंदवा, नंतर हातची जाते. एक रात्र दीड किलो हातात धरून तीन तास उभे राहा. खांदा काय म्हणतो तेही त्या एक्झिफइतकंच महत्त्वाचं.

आणि घेतलीतच, तर पहिल्या पावसाळ्याआधी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ घ्या. आपल्या गावाला पश्चिमेला समुद्र, उत्तरेला खाडी, मधे कांदळवन. काळी लेन्स झूम करताना लांब होते आणि प्रत्येक वेळी ती खारी, ओली हवा आत ओढते. पांढरी आतल्या आत झूम करते, तिची लांबी बदलत नाही, म्हणून ती कमी हवा ओढते. कमी, पण ओढतेच. कॅमेऱ्याला जोडायच्या बाजूला रबराची रिंग असली तरी ती पावसाचे थेंब अडवते, आर्द्रता नाही. फंगस आधी काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो, मग मध्याकडे सरकतो. टॉर्च घेऊन महिन्यातून एकदा मागच्या बाजूनं आत बघत जा. साठ टक्क्यांच्या वर काटा गेला की जेल बदला. चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवा. फार कोरडंही नको, आतलं वंगण सुकतं.